शेळी बांधली का?

मार्गशीर्ष लागला तशी बाजारात भरताची मोठी वांगी आली आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोल्हे आले. वांगी दरवर्षीची, कोल्हे यंदा नवे. गेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र कुणीतरी टाकलं होतं. पहाटेचा धुरकट उजेड, ओळीनं लावलेल्या गाड्या आणि त्यांच्यामधून अंग चोरून चाललेले दोन कोल्हे. पुढच्याच्या तोंडात भलामोठा उंदीर. मग दिवसभर ग्रुपवर नुसता कालवा. कुणी म्हणालं लांडगे आहेत, कुणी म्हणालं बिबट्याची पिल्लं आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "माझ्या ब्रूनोला आता फिरवायचं कुठं?" एका हौशी गृहस्थांनी लिहिलं, "सकाळी सकाळी कोल्ह्याचं तोंड पाहिलं, नशीब उघडलं समजा." त्यावर पुष्कळ हसरे चेहरे उमटले. त्या उंदराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. गेल्याच महिन्यात हीच मंडळी उंदरांनी गाड्यांच्या वायरी कुरतडल्या म्हणून ऊर बडवत होती.

संध्याकाळी शेवटचा निरोप आला. रविवारी सगळ्या आवारात औषध ठेवणार आहेत, उंदरांचा बंदोबस्त होईल आणि कोल्ह्यांचीही ब्याद जाईल, तरी सर्वांनी आपापली कुत्री-मांजरं घरात बांधून ठेवावीत. मी फोन पालथा घातला. कुत्री बांधून ठेवा, हे मी पूर्वी एकदा ऐकलेलं आहे. याच शहरात, याच महिन्यात.

आतल्या खोलीत आई पडून असते. तिला आता दिवस कळत नाही, साल कळत नाही, कधीकधी मीही कळत नाही. पण ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की ती मान वळवते आणि विचारते, "शेळी बांधली का गं?"

"बांधली," मी म्हणते.

"नीट बघ. दावं उंदरं कातरतेत."

आमच्या घरात शेळी नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पण मी उठते, गॅलरीपर्यंत जाते आणि परत येऊन सांगते, "पाहिलं. दावं चांगलं आहे." त्याशिवाय ती जेवत नाही.

सिडकोची घरं तेव्हा नवी होती. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या भागाला शहर म्हणणं हा निव्वळ उदारपणा होता. चार ओळी घरांच्या, पुढं आखून ठेवलेले रिकामे प्लॉट, मग नाला, आणि नाल्यापलीकडं हर्सूलच्या अंगानं पसरलेलं माळरान. वाळू-खडीचे ढीग, अर्ध्यावर थांबलेल्या भिंती, बोरीची झुडपं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. वैजापूरकडचं शेत भावांच्या हवाली करून ते शहरात आले होते. तरी वर्षाची ज्वारी-बाजरी गावाकडूनच यायची. घरोघरी हीच तऱ्हा. प्रत्येकाच्या खोलीत पोत्यांची थप्पी आणि त्या थप्पीमागं उंदरांचा संसार. आम्ही नव्या घरात राहायला गेलो असं अण्णा म्हणायचे. खरं तर उंदीर राहायला गेले होते, आणि त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं होतं.

आणि नाल्यात कोल्हे होते. दिवस कलला की एक सूर लावायचा, मग दुसरा, मग सगळा नाला ओरडायला लागायचा. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या, "काय अभद्र!" म्हणायच्या. आई तेवढी हातातलं काम थांबवून ऐकत राहायची आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या उतरायच्या. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत, रझाकार येणार अशी आवई उठली की तिचे वडील तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, गोदामावशीला, देवगाव रंगारीच्या शिवारात उभ्या ज्वारीत नेऊन बसवायचे. दोघी चिमुरड्या एकमेकींना बिलगून बसायच्या. वडिलांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. कोल्हं ओरडतंय तवर भ्यायचं नाय. माणूस आला म्हंजे कोल्हं गप बसतं. तेव्हापासून कोल्हेकुई हा आईसाठी दिलाशाचा आवाज होता. माणसांवर तिचा तेवढा विश्वास नव्हता, आणि आता मला वाटतं, तिचं काही चुकत नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मंगल झाली. माझ्यानंतर बारा-तेरा वर्षांनी. उशिराचं लेकरू, काडीसारखं. बाळंतपणातच आईला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण दूध आटलं ते आटलंच. गाईचं दूध मंगलला पचेना, डब्याची पावडर तर ती ओकूनच टाकायची. तिचं रडणं हळूहळू इतकं बारीक झालं की शेजारच्या खोलीत ऐकू जाईना. आई तिला मांडीवर घेऊन बसायची आणि तिच्या ओठांकडं बघत राहायची. त्या वेळच्या आईसारखा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही, आणि पाहायचाही नाही मला.

आजीकडून, काकांकडून एकच निरोप यायचा. गोदाला मूलबाळ नाही, तिच्या दारात शेळ्या आहेत, लेकरू देवगावला पाठवा, जगेल तरी. आई ऐकायची नाही. "माझं लेकरू माझ्यापाशी," एवढंच म्हणायची.

आणि मग एका सकाळी कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो आमच्या दारात थांबला. मागच्या बाजूला, गोण्यांच्या फटीत, डोक्यावरून शाल घेतलेली गोदामावशी बसलेली आणि तिच्या कुशीत शेळी. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. मावशी उतरली, कमरेवर हात ठेवून जराशी वाकली आणि म्हणाली, "लेकरू न्यायला नाय आले मी. दूध घेऊन आले. लई गरीब हाय ही. टिकली म्हंत्यात तिला."

"आणि हिचं करडू?" आईनं विचारलं.

"ते ऱ्हाईल माझ्यापाशी. त्याला काय, झाडपाला खातंय आता."

आज त्या क्षणाचा विचार करते तेव्हा मावशीपुढं हात जोडावेसे वाटतात. घर मोकळं होतं तिचं. नुसतं "दे" म्हणाली असती तरी सगळ्यांनी तिचीच बाजू घेतली असती. त्याऐवजी ती बाई गोण्यांत अंग चेपून शेळी घेऊन आली.

शेळीचं दूध मंगलला मानवलं. पळीनं पाजायचं, पळीला चट चट असा आवाज यायचा, आणि आई त्या आवाजाबरोबर स्वतःही आवंढे गिळायची. सुरुवातीला टिकली करडासाठी ओरडायची. आई जाऊन तिच्या गळ्याखाली खाजवायची आणि तिच्याशी बोलायची. "तुझं लेकरू तिकडं, माझं इकडं. माझ्यावर रागावू नको बाई." हिवाळा चढत गेला. मंगलच्या मनगटावर वळी पडायला लागली. आई सकाळी शेकोटीशी बसून मंगलचे तळवे शेकायची, टिकली शेजारी बसून रवंथ करायची आणि ज्वारीच्या कडब्याचा, शेळीच्या अंगाचा, दुधाचा असा एक उबदार वास अंगणात भरून असायचा. त्या वासाचं नाव मला सांगता यायचं नाही. पण आजही गॅस एजन्सीच्या मागच्या गल्लीत शेळ्या बांधलेल्या असतात, तिथून जाताना माझे पाय आपोआप हळू होतात.

आईला भीती उंदरांची होती. एकदा मंगलच्या पायाच्या अंगठ्याला उंदरानं चावा घेतला होता, दुपट्यावर रक्ताचा ठिपका. तेव्हापासून आई तिच्या पाळण्याच्या दोऱ्यांना रॉकेल लावायची. टिकलीचं दावं मात्र तिला रॉकेलात बुडवता येईना, शेळी ते चाटायची. अंबाडीचं दावं, त्याला पिठाचे, दुधाचे हात लागलेले. उंदरांना आणखी काय हवं?

आमच्या शेजारी भालेरावकाका राहायचे. कोर्टातले शिरस्तेदार, करारी माणूस, पण बोक्यापुढं मेण. त्या पांढऱ्या बोक्याचं नाव शहजादा. काका ऑफिसातून आले की आधी त्याला दूध, मग स्वतः चहा. उंदीर मारणं वगैरे हलकी कामं शहजाद्यानं कधी केली नाहीत. आणि त्या मार्गशीर्षात तो बोका नाहीसा झाला. काका वाटी घेऊन प्लॉटाप्लॉटांतून हाका मारत फिरले. नाल्याच्या काठावर त्यांना पांढऱ्या केसांचा पुंजका सापडला म्हणे. झालं. कोल्ह्यांनी शहजाद्याला खाल्लं, उद्या लेकरं उचलतील, हे दोन दिवसांत साऱ्या वसाहतीला पटलं. लेकरं म्हटल्यावर सगळे आमच्याच घराकडं बघायचे.

अण्णा म्हणाले, "अहो, बोका आहे तो. येईल गाव फिरून."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं गेलं नाही ना काही, म्हणून बोलता," ते म्हणाले.

चंपाषष्ठी आली. भालेरावांचं कुलदैवत खंडोबा. शहरालगतच्या सातारा गावच्या देवळात जाऊन त्यांनी दर्शन घेतलं, घरी तळी उचलली, वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे सगळ्या ओळीत वाटले. खंडोबाच्या नावानं कुत्र्यांना रोडगा घालायचा असतो. त्या दिवशी वसाहतीतली खरजुली कुत्रीसुद्धा पाहुण्यांसारखी दारोदार जेवली. आईनं आमच्या वाटचा एक रोडगा मोडून टिकलीपुढं धरला. "हिचाच पहिला मान," ती म्हणाली. टिकलीनं तिचा तळहात चाटून पुसून स्वच्छ केला.

रोडगे उरले. नैवेद्याचं अन्न उकिरड्यावर कसं टाकायचं? काकांनी आणि आणखी दोघा-तिघांनी ठरवलं, यातच उंदीर मारायचं काळं औषध कालवायचं, वर गूळ लावायचा आणि नाल्याच्या वाटेवर, प्लॉटांच्या कडेनं ठेवायचं. कोल्हा काकडीला राजी, मग गुळाच्या रोडग्याला का नाही? उंदरांनी खाल्लं तरी उत्तमच. पण खंडोबाच्या कुत्र्याचं पाप माथी नको. म्हणून काका स्वतः प्रत्येक दारात जाऊन सांगून आले, "आज संध्याकाळपासून उद्या उजाडेपर्यंत कुत्री बांधून ठेवा. मांजरं आत घ्या." किती काळजीनं सांगत होते! कुणाचं तरी भटकं कुत्रं बांधायला दोरी नव्हती, तर काकांनी आपल्या घरची आणून दिली. शेळीचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. शेळी तर बांधलेलीच होती.

त्या संध्याकाळी माणसं टॉर्च घेऊन नाल्याकडं गेली आणि परत आली. आई दारात मंगलला घेऊन उभी होती. "आज कोल्हं गप हायेत," ती म्हणाली. तिनं टिकलीचं दावं ओढून पाहिलं, गाठ पक्की होती. मग दार लावून घेतलं.

सकाळी मी अंगणात गेले तर खुंट्याला हातभर दावं. टोक पिंजलेलं, बारीक दातांनी कातरलेलं. टिकली दोन प्लॉट पलीकडं, खडीच्या ढिगाशी आडवी पडली होती. तोंडाला फेस, पोट फुगलेलं, आणि जवळच गूळ लावलेल्या रोडग्याचा अर्धा तुकडा. आदल्याच दिवशी आईच्या हातून खाल्लेला रोडगा तिला आठवला असणार. आई अनवाणी धावत आली. तिनं टिकलीचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या तोंडात ताक ओतलं, चिंचेचं पाणी ओतलं, पदरानं फेस पुसला, पुन्हा ओतलं. "उठ गं. उठ बाई. माझ्या लेकराकडं बघ," असं ती शेळीला म्हणत होती. शेळी गेली तरी आई ओतायची थांबेना. अण्णांनी तिचा हात धरून पातेलं काढून घेतलं. भालेरावकाका भिंतीला टेकून खाली बसले होते. एक कावळा मेला होता, आणि टिकली. कोल्ह्यांनी त्या रोडग्यांना तोंडही लावलं नव्हतं.

दुसरी शेळी आणता आली नसती का, असं लोक अजून विचारतात. आणली होती. भालेरावकाकाच धावपळ करून घेऊन आले. पण ती आटत आलेली, आणि आई तिला अंगणात पाय ठेवू देईना. कुठल्या झुडपाखाली कुठला तुकडा राहिला असेल कुणी सांगावं? पुन्हा डब्याचं दूध सुरू झालं आणि पुन्हा मंगल ओकायला लागली. मनगटावरच्या वळ्या बघता बघता विरल्या. रडण्याचा आवाज पुन्हा बारीक झाला. आईनं देवाला, दवाखान्याला, कुणाकुणाला विनवलं. शेवटी एका दुपारी तिनंच अण्णांना सांगितलं, "गोदाला बोलवा."

मावशी आली. यावेळी टेम्पोनं नाही, यष्टीनं. आईच्या मांडीवरून मंगलला उचलताना ती आईकडं बघत नव्हती. "म्हैनाभर ठेवते. धडधाकट झाली की आणून घालते तुझ्या पदरात. देवाशपथ."

आई फक्त म्हणाली, "तिला गार वाऱ्याला धरू नको."

मंगल गेली त्याच आठवड्यात भालेरावकाकांच्या कुंपणावर शहजादा येऊन बसला. एक कान फाटलेला, बाकी टुणटुणीत. कुठं उलथला होता कोण जाणे! काकूंनी आनंदानं हाक मारली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. काकांनी त्यानंतर त्याला दूध घातलं, पण नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पुढं त्यांनी बदली करून घेतली.

महिन्याचं वर्ष झालं. मंगल जगली, बाळसं धरलं, चालायला लागली, आणि मावशीला "माय" म्हणायला लागली. आणून घातली होती मावशीनं, शब्दाला जागून. तीन वर्षांची मंगल आमच्या दारात उभी राहून इतकी रडली, इतकी रडली की तिचे ओठ निळे पडले. आईनंच तिला उचलून मावशीच्या कडेवर दिलं. मग ती सुट्टीत यायची. वाढलेलं निमूट जेवायची, आणि आईला म्हणायची, "मावशी, भाजी लई चांगली झालीय." आई वाढत राहायची.

त्या वसाहतीतले कोल्हे पुढं दिसेनासे झाले. विषानं नव्हे, घरांनी. प्लॉट भरले, नाला बुजला. उंदीर मात्र राहिले, त्यांना घरं मानवतात. माणसाला एखाद्या जनावराची भीती वाटली की तो आधी आपलं काय वाचवायचं ते ठरवतो, आणि जे त्याच्या ध्यानातच येत नाही तेच नेमकं त्या रोडग्याकडं चालत जातं. मी हे ग्रुपवर लिहिलं नाही. "विष ठेवू नका, कोल्हे उंदीरच खातात," एवढं लिहिलं. चार अंगठे आले आणि खाली कुणीतरी पाणी कधी येणार ते विचारलं.

मावशी गेल्या वर्षी गेली. काल मंगल आली. दर मार्गशीर्षात येते तशी, पिशवीत बाजरीचं पीठ घेऊन. पंचेचाळिशीची बाई आता, केसांत पांढरं. तिनं दारातच विचारलं, "मावशी कशी हाय?"

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून घेतलं. "मंगल, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. एकदा आई म्हण गं तिला. एकदाच."

ती पीठ चाळत राहिली. "ताई, लई येळा ठरवून आले. तोंडात येत नाय. माय गेली तवा ओरडले, तो शबूद तिच्यासंगं गेला. आता मावशीला म्हणले तर खोटं वाटंल. तिला कळंल खोटं."

मला राग आला. तिचा नाही. कुणाचा ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. उंदरांचा, कोल्ह्यांचा, भालेरावकाकांचा, खंडोबाचा? राग धरावा असं त्या सगळ्या हिवाळ्यात एकही माणूस मला सापडत नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं. मागच्या मोकळ्या जागेतून एक कोल्हा ओरडला, लांब, उंच. तिसऱ्या मजल्यावर ब्रूनो भुंकायला लागला. आईनं डोळे उघडले. बऱ्याच दिवसांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या उतरलेल्या दिसल्या.

"शेळी बांधली का?"

मी तोंड उघडणार तोच मंगल पलंगाशी गेली, खाली बसली. "बांधली, मावशी."

"दावं पाह्यलं?"

"पाह्यलं. उंदरानं तोंड नाय लावलं."

आईनं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं. परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं तिनं विचारलं, "तुमचं गाव कोणतं, बाई?"

"देवगाव."

आईचा चेहरा उजळला. तिनं मंगलचा हात धरला, सगळा जोर लावून धरला. "माझी बहीण हाय तिथं, गोदा. तिला माझा एवढा निरोप सांगाल? म्हणावं, लेकरू न्यायला येऊ नको. शेळी हाय."

मंगलनं तो हात सोडवून घेतला नाही.

"सांगते," ती म्हणाली.